साडेचार फुटी

गेले दोन महिने माझं एकच चाललंय. उद्यमनगरात, पार आतल्या गल्लीत, एक साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातूचा दांडा फिरवत ठेवून टूलनं कापायचं मशीन, विकायला आहे आणि ते घ्यायचं की नाही हे मला ठरवायचंय. शाळेतून परत येताना गाडी आपोआप तिकडं वळते, मालक चहा सांगतात, मी मशीनभोवती दोन चकरा मारतो, चक, म्हणजे दांडा धरणारा फिरता जबडा, हातानं फिरवून बघतो आणि घरी येतो. घरी विचारतात, काय ठरलं? मी म्हणतो, बघू.

ज्यांचा या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, साडेचार फुटी म्हणजे बेडची, ज्या लांब पाटावर टूल पुढंमागं सरकतं त्याची, लांबी. आपल्याकडं लेथ असंच ओळखलं जातं, साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. हे मशीन बटाल्याचं आहे, पंजाबातल्या बटाल्याचं, पायावर तशी ओतीव अक्षरं आहेत, रंगाच्या इतक्या थरांखाली की बोटानं चाचपल्यावर लागतात. कंपनीचं नाव असं काही वाचता येत नाही. वर पायरी-पायरीची कोन पुली आणि चपटा पट्टा, चक फिरवणाऱ्या स्पिंडलला बेअरिंगच्या जागी गनमेटलचे बुश, त्यांच्यावर तेलाच्या छोट्या पितळी वाट्या, खाली टूलला पुढं सरकवणारा, इंचाला चार आट्यांचा लीडस्क्रू. वजन मालक सांगतात साडेतीनशे-चारशे किलो, आणि सगळं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. टेलस्टॉकचं, म्हणजे चकसमोरच्या टोकाला असलेल्या आधाराचं, चाक मात्र इतकं गुळगुळीत झालंय की लोखंड आहे असं वाटतच नाही, लाकडी पोळपाटाला वापरून वापरून येतो तसला गुळगुळीतपणा.

कोल्हापुरात लेथचं कौतुक कुणाला नाही. शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात ग्राइंडर, एवढ्यावर घरंच्या घरं उभी राहिली, ऑइल इंजिनचे पार्ट, पंपाचे शाफ्ट, उसाच्या घाण्याचे बुश, काय वाट्टेल ते या गल्ल्यांत झालं. आता मोठं काम शिरोली, गोकुळ शिरगावला गेलंय आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, गेलंय. मालकांचा मुलगाही तिकडंच असतो, त्याच्या सीएनसीवर दिवसाला जेवढे नग निघतात तेवढे या मशीनवर महिन्यात निघणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पोटापाण्याचा धंदा आहे तो. मालकांचे गुडघे गेलेत, दिवसभर उभं राहवत नाही. गाळा भाड्यानं द्यायचाय म्हणून मशीन काढायचंय. भंगारवाला येऊन बघून गेलाय, सोळा हजार म्हणालाय. मला पंचेचाळीस सांगितलेत.

मला लेथ कशाला हवंय? तर दुर्बिणीसाठी.

सहा वर्षांपूर्वी मी सहा इंची आरसा घासायला घेतला. दोन जाड काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि एकीवर दुसरी घासत राहायची, जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत, शेवटी राळेच्या लादीवर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश. पाच महिने रोज रात्री तास-दीड तास. तो आरसा आजही माझ्या दुर्बिणीत आहे आणि शनीची कडी त्यात वेगळी दिसतात. पण दुर्बीण म्हणजे नुसता आरसा नव्हे. फोकसर लागतो, अडॅप्टर लागतात, आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, बसायला सव्वा इंचाचं म्हणजे ३१.७५ मिलिमीटरचं अचूक भोक लागतं, कॅमेरा लावायचा तर ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे लागतात. हातानं आरसा होतो, पण गोल भोक हातानं होत नाही, आटे तर नाहीच नाही. त्यासाठी मी दर वेळी कुणाच्या तरी दारात उभा असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण खरं तर तिथनंच हे खूळ डोक्यात शिरलं. आयपीसमधनं चंद्राचे फोटो काढायला एक अडॅप्टर हवा होता. आत आयपीस बसणार, बाहेरून ४२ चे आटे, त्यावर कॅमेऱ्याची रिंग. या आट्यांची गंमत अशी की ४२ मिलिमीटरचे आटे दोन प्रकारचे आहेत. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सना असतात ते १ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं, आणि दुर्बिणीच्या अडॅप्टरला लागतात ते ०.७५ चे. नुसतं बघून कळत नाही. मी ड्रॉइंगवर ०.७५ असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारून दिलं होतं. ज्या वर्कशॉपमध्ये टाकलं त्यांनी तीन आठवडे फिरवलं, आज या उद्या या, आणि शेवटी हातात जो तुकडा दिला तो दोन वेढे गेला आणि अडकला. १ चे आटे पाडले होते. विचारलं तर म्हणाले, ०.७५ आमच्या मशीनवर बसत नाही, एकचेच चालतात की सगळीकडं. पैसे घेतलेच. रिंगचे पहिले दोन आटे पण गेले त्यात. मला राग चुकीचा नाही आला, चूक कुणाकडूनही होते. राग याचा आला की होत नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन आठवडे आणि ती रिंग दोन्ही वाचलं असतं.

त्या रात्री मी बसून लेथचे गिअर कसे लावतात ते वाचून काढलं. आणि ते एवढं सुंदर गणित आहे की शाळेत शिकवावंसं वाटलं. लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा, म्हणजे त्याचं पिच ६.३५ मिलिमीटर. स्पिंडल एक फेरा फिरला की टूल ०.७५ सरकायला हवं. ०.७५ भागिले ६.३५ म्हणजे १५ भागिले १२७. हा १२७ टाळता येत नाही, तो मूळ संख्या आहे आणि इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर यातनंच तो येतो, २५.४ ला पाचानं गुणलं की १२७. म्हणून इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं एक भलंमोठं चाक लागतं. ते असलं की ३० चं चाक १२७ ला आणि ४० चं ८० ला लावायचं, झालं काम. आणि ते नसेल तर? तर इंचाला ३४ आटे पाडायचे, त्याचं पिच येतं ०.७४७, म्हणजे एका आट्याला तीन मायक्रॉनचा फरक, आणि सहा-सात आट्यांच्या अडॅप्टरवर तो फरक वीस मायक्रॉनच्या आसपास, बसतो व्यवस्थित. २० चं चाक ८५ ला, ४० चं ८० ला. आमच्या साडेचार फुटीच्या डब्यात १२७ चं चाक नाहीये. ८५ चं आहे. मालकांकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळ्यात आधी तो गिअरचा डबा उघडून चाकं मोजली, त्यांना वाटलं हा माणूस जाणकार आहे, मी म्हणालो नाही हो, मला एवढ्या एकाच चाकाचं काम आहे.

आता घरच्यांचा प्रश्न, जो सगळ्यांचाच प्रश्न असतो. वर्षात असे किती तुकडे लागतात तुला? चार? पाच? एक चांगला टर्नर शोध, त्याला दोन पैसे जास्त दे, आधी विचार ०.७५ होतात का म्हणून. पंचेचाळीस हजारांत पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे अडॅप्टर होतील. हिचं हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी वहीत हिशोब मांडून बघितला, कसाही मांडला तरी तोट्याचाच येतो. मोटर, वायरिंग, टूलबिट, चक दुरुस्त करावा लागला तर तो, डायल गेज, शेडची फरशी. पैशाच्या बाजूनं या मशीनचं समर्थन होत नाही आणि करू पण नये. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी 'दोन वर्षांत वसूल होईल' म्हणत मशीन घेतलं आणि मग ते वसूल करण्यासाठी बाहेरची कामं धरली आणि शेवटी ज्या हौसेसाठी घेतलं तीच राहून गेली.

दुसरं एक कारण मनात सारखं यायचं ते म्हणजे, मी नाही घेतलं तर भंगारात जाईल. हे कारण मला पहिल्यांदा फार मोठं वाटलं. घणानं बीड फोडतात हो, मी बघितलंय, एवढा बेड ज्याच्यावर कुणीतरी दिवसचे दिवस हात चालवलेला असतो तो चार घावांत तुकडे होतो. पण मग मी विचार केला की उद्यमनगरात या घडीला अशी किती मशीनं असतील. सगळी मी वाचवणारे का? आणि नुसतं वाचवलं म्हणून माझ्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या कागदाखाली गंजत ठेवलं तर ते काय वाचलं? भंगारात वितळून निदान परत बीड तरी होतं. दया येऊन मशीन घेऊ नये या मतावर मी आता पक्का आहे. मशीनला दया लागत नाही, काम लागतं आणि तेल लागतं.

छोटी चिनी बनावटीची टेबलावर बसणारी लेथं मिळतात, चाळीस किलोची, सिंगल फेज, घरी आणून प्लग लावला की सुरू. माझ्या कामाला तेवढं पुरलं असतं असं अनेकांनी सांगितलं आणि ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडं जाऊन मी बघूनही आलो. वाईट नाहीये. पण पार्टिंग करताना, म्हणजे तयार झालेला जॉब दांड्यापासून कापून काढताना, ते थरथरतं, ओरडतं, कापल्याजागी लाटा उमटतात. बीडचा मोठा ठोकळा ती थरथर आत जिरवतो, बीडमध्ये ग्राफाइटचे पापुद्रे असतात ना, त्यांचं ते काम. वजन ही लेथची अडचण नाही, वजन हाच लेथचा गुण आहे. शिवाय नवं तेवढंच महाग.

मग एका रविवारी आमच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. मेस्त्री म्हणजे आमच्या गल्लीतले, आयटीआय करून पस्तीस वर्षं टर्नर म्हणून काढलेले, आता रिटायर. मी डायल गेज, फिलर गेज, सरळ पट्टी असं सगळं पिशवीत भरून नेलं होतं. त्यांनी काहीच घेतलं नाही. आधी चिंधीनं बेड पुसला, मग कॅरेज, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणलं, हलवून बघितलं, कॅरेजच्या पट्टीचे स्क्रू थोडे आवळले, एवढे की कॅरेज हलतंय पण डुगडुगत नाही. आणि मग ते चाक फिरवत फिरवत टेलस्टॉककडं न्यायला लागले. निम्म्यावर गेल्यावर जड झालं. अजून एक वीतभर, आणि अडकलंच.

'बघा सर,' म्हणाले, 'इथनं इथवर खाल्लंय.' आणि चकपासून हातभर अंतर त्यांनी तळहातानं दाखवलं. 'सगळं काम इथंच होतंय. तिकडं कोण जातंय? तिकडं अजून कोरं आहे बघा.'

आणि खरंच, टेलस्टॉकच्या टोकाला बेडवर कंपनीतले पहिल्या दिवसाचे बारीक चट्टे अजून दिसत होते, माशाच्या खवल्यांसारखे, आणि चकजवळ नुसता आरसा. मी पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर ०.१५ ची पात आत गेली. माझं मन बसलं. ०.१५ म्हणजे दीडशे मायक्रॉन, आणि मी तर वीस मायक्रॉनच्या गोष्टी करत होतो.

मेस्त्री म्हणाले, खाली किती गेलंय ते बघू नका, पुढं किती आलंय ते बघा. मला कळलंच नाही. घरी आल्यावर कागदावर काढलं तेव्हा लख्ख कळलं. जॉब गोल आहे, टूल त्याच्या पोटाला मध्यावर टेकलंय. बेड झिजून टूल दीडशे मायक्रॉन खाली उतरलं तर ते वर्तुळाच्या कडेवरनं जवळजवळ सरळच खाली जातं, तीस मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर त्रिज्येत एक मायक्रॉनसुद्धा फरक पडत नाही. पण तेच टूल तेवढंच मागं सरकलं तर व्यासात थेट दुप्पट, म्हणजे तीनशे मायक्रॉन. झीज कुठल्या दिशेला आहे याच्यावर सगळं. आणि ते पट्टी लावून नीट कळत नाही, जॉब फिरवूनच बघावं लागतं. मेस्त्रींनी लगेच बघितलं पण. ३२ चा दांडा चकमध्ये धरला, शंभर मिलिमीटर बाहेर, मागून सेंटर न लावता, बारीक कट घेतला, आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायला मला सांगितलं. चककडं चाळीस मायक्रॉन जाड. शंभर मिलिमीटरला चाळीस. माझे अडॅप्टर असतात पंचवीस-तीस मिलिमीटरचे, म्हणजे दहा-बारा मायक्रॉन. दहा मायक्रॉन!

मग स्पिंडल. दांडा हातानं वर उचलून डायल गेज बघितला तर काटा पाच शतांश मिलिमीटर हलला. मेस्त्रींनी बुशच्या टोप्या सोडल्या, खालून पातळ पत्र्याच्या शिमा निघाल्या, एकेक शीम दोन्हीकडनं काढून परत आवळलं, तेल घातलं, काटा दोन शतांशांवर आला. वीस मिनिटांत. मालक बाजूला स्टुलावर बसून बघत होते, म्हणाले, मी हे दर दोन वर्षांनी करायचो, गेल्या पाच-सहा वर्षांत राहिलंय. सगळं उघडं आहे या मशीनमध्ये, काही झाकलेलं नाही, कशामुळं काय होतंय ते समोर दिसतं. मला हे फार आवडलं.

पण रात्री झोप लागेना ते त्या चट्ट्यांमुळं. टेलस्टॉककडचे ते खवले. ते स्क्रेपिंगचे असतात. बेड मशीनवर कापून झाला की त्यावर निळा रंग लावून पट्टी घासायची, जिथं उंच असेल तिथं रंगाचा ठिपका बदलतो, तो ठिपका हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचा, परत रंग, परत पट्टी. हजार वेळा. म्हणजे ज्या मशीननं आपण अचूक काम करायचं म्हणतो त्याची अचूकता शेवटी कुणाच्या तरी मनगटातून आलीये. आणि मग ती पट्टी तरी सरळ आहे हे कुठून कळलं? तर त्याचं उत्तर जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये जाहीरपणे मांडलं होतं, तो लंडनला हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात काम केलेला माणूस, तोच मॉड्स्ले ज्याचं आटे पाडायचं लेथ १८०० च्या सुमाराचं आहे. सपाट पृष्ठभाग करायचा तर तीन प्लेटा घ्यायच्या. पहिली दुसरीला जुळवायची, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला, फिरत फिरत. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊन एकमेकींत छान बसू शकतात आणि आपण फसतो. तिघी एकमेकींशी जुळल्या की सपाट असण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

हे वाचताना मी अंथरुणात उठून बसलो. कारण दोन काचा एकमेकींवर घासल्या की एक खोलगट आणि एक फुगीर होते, हे मी पाच महिने रोज रात्री केलंय! त्यालाच तर आरसा म्हणतात. प्लेटवाले ज्या चुकीला टाळायला तिसरी प्लेट आणतात, त्याच चुकीवर आमची सगळी दुर्बीण उभी आहे. सहा इंची आरसा मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर खोल असतो आणि त्याचा आकार प्रकाशाच्या लहरीच्या छोट्या अंशापर्यंत बरोबर यावा लागतो, मायक्रॉनच्याही खाली, आणि तो नुसत्या हातानं येतो, फूकोची चाचणी लावून, एक ब्लेड आणि एक बारीक दिवा, १८५८ च्या सुमाराची युक्ती. पुढं आलेला भाग शोधायचा, तेवढाच घासायचा, पुसायचं, थंड होऊ द्यायचं, परत बघायचं.

आणि ते लेथही असंच घासूनच खोल झालंय, कॅरेज पुढंमागं, पुढंमागं, चाळीस वर्षं, बेडवर पडलेला बीडचा चुरा आणि तेल हेच त्याचं कार्बोरंडम. माझा आरसा मी ठरवून घासला, हा बेड कुणी ठरवून घासला नाही, एवढाच फरक. तोपर्यंत मी ती झीज मशीनचा दोष म्हणून वहीत लिहिली होती, किंमत कमी करायला उपयोगी म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हे काम मला येतं. म्हणजे स्क्रेपर मी कधी हातात धरलेला नाही, बेड घासणं हे काचेपेक्षा वेगळंच काम आहे याची मला जाणीव आहे. पण उंच जागा शोधायची, तेवढीच काढायची, घाई करायची नाही आणि दर वेळी मोजायचं, हे माझ्या हातात बसलेलं आहे. बाजारात दुसऱ्या कुणाला हे मशीन झिजलेलं म्हणून नको असेल. मला ते झिजलेलं आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

बाकीच्या अडचणी पटापट सुटत गेल्या. मोटर थ्री फेज एक एचपीची आहे, घरात सिंगल फेज. मेस्त्रींचं मत सरळ सिंगल फेजची मोटर बसवा. माझं मत ड्राइव्ह लावावा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देतो, वेगही कमीजास्त करता येतो, फक्त ही मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली आहे, ड्राइव्हमधून येणार २३०, त्यामुळं वाइंडिंगची टोकं काढून डेल्टात जोडून घ्यावी लागतील, ते वाइंडिंगवाला करून देतो म्हणाला. शेड आठ बाय दहा आहे, मशीन बसतं. फरशी फोडून काँक्रीट घालावं लागेल कारण खालचा पाया जरा तिरका असला तरी एवढा जाड बेडसुद्धा पिळतो आणि मग जॉबला टेपर येतो, म्हणजे तो एका टोकाला जाड होतो. मुलीला मशीन चालू असताना शेडमध्ये यायचं तर केस बांधून, ओढणी नाही. माझ्या हातात अंगठी नाही, हातमोजे नाहीत, बाह्या दुमडलेल्या. मेस्त्रींनी त्यांचा पहिला नियम माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलाय, चकची चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवरच असला पाहिजे, हात सुटणार असेल तर चावी आधी बाहेर. त्यांनी चावी उडून काय होतं ते बघितलंय. सांगताना त्यांचा आवाज बदलला, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

तरीही मी हो म्हणत नव्हतो. मला एक तुकडा करून बघायचा होता. स्वतः. मालकांना विचारलं तर म्हणाले या की, कधीपण या.

गेल्या रविवारी गेलो. ॲल्युमिनिअमचा पंचेचाळीसचा दांडा घेऊन. मालकांनी टूल ग्राइंडरवर साठ अंशांचं करून दिलं, बाकी हात लावला नाही, स्टूल ओढून जवळ बसले फक्त. आधी बाहेरचा व्यास, मग आतलं भोक. ॲल्युमिनिअम टूलला चिकटतं म्हणून ब्रशनं रॉकेल लावत राहायचं. पहिल्या कटला चिप्स तुटक तुटक येत होत्या, मालक म्हणाले फीड जरा वाढवा, वाढवलं आणि एकदम एक लांब चमकणारी कुरळी पट्टी उलगडत बाहेर यायला लागली आणि आवाज बदलला, खरखर जाऊन नुसती एक बारीक सळसळ. तो आवाज अजून कानात आहे. भोक ३१.६ वर आल्यावर मी थांबलो. जॉब गार होऊ दिला, कारण गरम ॲल्युमिनिअम मोजलं तर गार झाल्यावर ते आपल्याला खोटं पाडतं. मग पाच-पाच शतांशांनी पुढं. शेवटचा कट एकदा घेतला, टूल न हलवता परत एकदा तसाच घेतला, मालक मान डोलावून म्हणाले, हां.

मग आटे. २० चं ८५ ला, ४० चं ८० ला, चाकांमध्ये कागदाचा कपटा घालून अंतर ठेवायचं ही त्यांची युक्ती. बॅक गिअर टाकून सगळ्यात कमी वेग. एका वेळी पाच शतांश, एकूण खोली साधारण ०.४६. खांद्याजवळ आलं की मोटर बंद आणि चक हातानं ओढायचा. अकरा फेऱ्या लागल्या. कॅमेऱ्याची नवीन रिंग मी बरोबर नेली होती. ती लावली, एक वेढा गेली, दोन गेले, तिसरा, चौथा, आणि जाऊन खांद्याला टेकली, ना ढिली ना घट्ट.

मग मी खिशातून आयपीस काढून भोकात सोडला. खालचं तोंड तळहातानं बंद केलं होतं, तर आयपीस आतल्या हवेवर तरंगत राहिला, इतका सावकाश उतरत होता की उतरतोय हे कळायला बघत बसावं लागत होतं. हात काढला आणि तो सळकन खाली गेला. मी परत तसंच केलं. मालक म्हणाले, द्या बघू, आणि त्यांनीही केलं, दोनदा, तिसऱ्यांदा पण. इतकी वर्षं पाण्याच्या पंपांचे बुश केले, म्हणाले, पण चंद्र बघायला काही केलं नव्हतं आजपर्यंत.

मी बत्तीस म्हणालो. ते अडतीसवर आले, मधे मेस्त्री पडले आणि पस्तीसला ठरलं, गिअरचा डबा, चार जॉचा चक, स्टेडी आणि टूलबिटचा डबा धरून. मी पाच हजार इसार दिला. एकच गोष्ट त्यांनी मागितली. खंडेनवमीला मशीनची पूजा इतकी वर्षं त्यांच्या हातनं झालीये, या वर्षी पण ते माझ्या शेडमध्ये येऊन करणार. चकमागच्या हेडस्टॉकवर गेल्या दसऱ्याची झेंडूची माळ अजून आहे, वाळून चॉकलेटी झालेली, ती काढू नका म्हणालेत, नवी घालतानाच काढायची असते.

बेडला सहा महिने स्क्रेपर लावायचा नाही असं मेस्त्रींनी बजावलंय. आधी चालवा, मोजा, कुठं काय होतंय ते लिहून ठेवा. निळा रंग मात्र मी आणून ठेवलाय. १२७ चं चाक कोल्हापुरातच कुणीतरी कापून देईल, चौकशी चालू आहे.

शनिवारी आणायचंय. चेन कप्पी मेस्त्रींच्या ओळखीतनं मिळाली, छोटा हत्ती सांगितलाय, चार माणसं आणि खाली सरकवायला दीड इंची पाइपचे तुकडे. घराचं गेट मी काल रात्री परत मोजलं, साडेतेहतीस इंच आहे. मशीन पुढच्या हँडलसकट छत्तीस भरतं, हँडल काढलं की एकतीस. हँडलचा पाना आत्ताच पिशवीत टाकून ठेवलाय.